पेटीची आतली बाजू

"पण बाबा, माझं प्रवचन तुम्हाला ऐकू कसं आलं नाही?"

नाथानने हे तिसऱ्यांदा विचारलं होतं. पाळकबाबा अंगणात शेवग्याखाली बाजेवर बसून शिळ्या भाकरीचा तुकडा चहात बुडवत होते.

"नाही आलं," ते म्हणाले आणि तुकडा तोंडात घातला.

आता खरं सांगायचं, तर बाबांच्या कानांना काही झालेलं नव्हतं. वय एक्याऐंशी, पण पलीकडच्या घरात कुणी कुजबुजलं तरी त्यांना कळायचं. नाथानने उपदेश केला त्या रविवारी ते पहिल्या बाकावर होते. मी चर्चच्या मंडळीचा चिटणीस, त्यांच्या शेजारीच बसलो होतो. नाथानचा आवाज असा, की चर्चच्या आवारात चरणाऱ्या शेळ्याही माना वर करतात. त्या दिवशी अर्ध्या बायका पदराने डोळे पुसत घरी गेल्या होत्या. माझेही डोळे भरून आले होते, आणि म्हातारा म्हणतो, ऐकू आलं नाही.

सगळं अडलं होतं एका पत्रावर.

नाथान पाटोळेला पाळक व्हायचं होतं. त्यासाठी ज्या कॉलेजात जायचं, तिथे अर्जासोबत एक पत्र लागतं. ज्याने बाप्तिस्मा दिला त्या पाळकाने लिहून द्यायचं, की या उमेदवाराला देवाचं पाचारण आहे आणि याचा उपदेश मी स्वतः ऐकला आहे. वयाच्या अटीत बसण्याचं नाथानचं हे शेवटचं वर्ष होतं. अर्ज सोमवारी पोचता करायचा होता. तो दिवस शनिवार होता.

नाथान सुतार होता. नुसता सुतार नव्हे, पाटोळ्यांच्या घरात तीन पिढ्या शवपेट्या करायचं काम. आसपासच्या बारा गावांतले आमचे लोक पाटोळ्यांच्या पेटीतूनच मातीत गेले. बाप देवदान वारला आणि रंधा नाथानच्या हाती आला. पण त्याला कुणी पेटीवाला म्हटलं, की त्याचा चेहरा पडायचा. संजीवन सभांना, म्हणजे मांडव घालून होणाऱ्या मोठ्या प्रार्थनासभांना, त्याला लांबलांबून बोलावणी येत होती. तिथे तो पांढऱ्याशुभ्र शर्टात उभा राहायचा आणि नखांतला भुसा दिसू नये म्हणून मुठी मिटून बोलायचा.

पत्र मागायला तो पहिल्यांदा आला, त्याला आठ दिवस झाले होते. तेव्हा बाबा म्हणाले होते, आधी माझ्या मापाची एक पेटी कर, मग पत्राचं बघू.

गावात कुजबुज झाली. म्हातारा चळला, असं लोक म्हणू लागले. पाळकीणबाई मागल्या फेब्रुवारीत गेल्या, तेव्हापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नाही, असंही म्हणाले. मलाही ते थोडं पटत होतं. कारण बाईंना पुरलं त्या दिवसापासून बाबांच्या अंगावर कधी शाल दिसली नव्हती. नाताळात मंडळीने नवी दिली, ती तशीच घडीत पडून होती. त्या सकाळीही अंगाला थंडी झोंबत होती आणि ते पातळ सदऱ्यात बसले होते.

पेटी मात्र नाथानने देखणी केली होती. टेम्पोतून उतरवून आम्ही ती अंगणातच, बाजेजवळ चर्चचे दोन बाक मांडून त्यांवर ठेवली. बाहेरून काळं कापड तटतटून बसवलेलं. वर पांढऱ्या फितीचा क्रूस, कडेने लेस, चार पितळी कड्या. मी न राहवून म्हणालो, की अशा पेटीत मरायला कुणाचीही ना नसेल.

नाथान हसला. बाबा हसले नाहीत.

"आतून कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"आत पांढरा मांजरपाट लावलाय, बाबा."

"मांजरपाटाखाली?"

"लाकूड." नाथानला प्रश्नाचा रोख कळला नाही. "आतलं कोण बघतंय?"

मग त्याने बापाची गोष्ट सांगितली. देवदान पेटीच्या आतल्या बाजूला अख्खा दिवस रंधा मारत बसायचा. तळाला खालून आडव्या पट्ट्या ठोकतात, त्यांच्या खिळ्यांची टोकं आत वर येतात. ते एकेक टोक तो वळवून लाकडात बसवायचा आणि मग डोळे मिटून तळहात फिरवून बघायचा. तेवढ्या वेळात दुसरी पेटी झाली असती. आई ओरडायची, पण त्याचं आपलं तेच. भोळा माणूस होता, असं नाथान म्हणाला. हे सांगताना त्याच्या बोलण्यात माया होती, आणि थोडी कीवही.

"माझं पाचारण जिवंत माणसांसाठी आहे, बाबा," तो पुढे म्हणाला. "मेलेल्यांची मापं घेण्यात माझे दिवस चाललेत. प्रभूही सुतारच होता, त्यानेही तिसाव्या वर्षी रंधा खाली ठेवलाच की."

"ठेवला," बाबा म्हणाले. "पण नासरेथात, त्याच्या गावात, कुणी त्याने केलेलं बैलांचं जू परत आणून टाकल्याचं मी वाचलेलं नाही."

 नाथानला ते लागलं, पण नेमकं कुठे लागलं, ते कळलं नसावं. मला तरी कळलं नव्हतं.

बाबांनी कप खाली ठेवला. चष्मा काढून माझ्या हातात दिला. वहाणा काढल्या, सदरा काढून बाजेवर टाकला. आता ते नुसत्या बनियनवर होते, खांद्याची हाडं वर आलेली. त्यांनी बाजेवर पाय ठेवला, तिथून बाकावर चढले आणि पेटीत उतरले.

मी अहो बाबा म्हणेपर्यंत ते आडवे झाले होते.

 कितीतरी माणसांना मी पेटीत ठेवलं आहे, पण जितंजागतं माणूस आपल्या पायाने पेटीत जाऊन झोपलेलं पाहिलं नव्हतं. नाथान धावला. म्हणाला, बाबा, उठा, लोक बघतील, मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

"झाकण लाव," बाबा म्हणाले.

"नाही लावणार, बाबा."

"पत्र हवंय ना?"

नाथानने माझ्याकडे पाहिलं.  त्याने झाकण उचललं आणि अलगद ठेवलं. क्रूस बरोबर बाबांच्या छातीवर आला.

आत काही हालचाल नव्हती…

रस्त्यावरून कुणीतरी सायकल घेऊन गेलं. मी त्यांचा चष्मा धरून उभा होतो, त्याच्या काचा माझ्या घामाने ओल्या झाल्या.

…

मग आतून एकदा दीर्घ श्वास ऐकू आला, कुणी दुखणं गिळतं तसा.

मी नाथानला बाजूला सारलं आणि झाकण काढलं. बाबा हाताने कड धरून सावकाश उठून बसले. पांढऱ्या मांजरपाटावर, त्यांचे खांदे जिथे टेकले होते तिथे, रक्ताचे दोन डाग होते. पाठीवर बनियन फाटलं होतं. डाव्या खांद्याखालून लाल ओघळ कमरेकडे निघाला होता.

नाथान पांढराफटक पडला.

"टोकं राहिली असतील, बाबा," तो म्हणाला. "घाई झाली. मला वाटलं… मेल्यावर माणसाला काय कळतंय."

बाबांनी त्यावर मान हलवली, जणू एवढंच ऐकायचं होतं.

मी त्यांना उतरवून बाजेवर बसवलं. घरातून हळद आणली आणि ती लावत होतो, तेवढ्यात ते माझ्या खांद्यावरून नाथानकडे बघत म्हणाले,

"मागल्या फेब्रुवारीतल्या पेटीची टोकं वळवली होतीस?"

माझा हात तिथेच थांबला.

मागल्या फेब्रुवारीत गावात एकच पेटी झाली होती. पाळकीणबाईंची.

याच बाईंनी रविवारच्या शाळेत नाथानला मांडीवर घेऊन वचनं पाठ करायला शिकवली होती; तो त्यांना आईच म्हणायचा. त्या गेल्या त्या संध्याकाळी तालुक्याला संजीवन सभा होती आणि मुख्य वक्ता नाथान होता. दुपारीच पेटी पोचवून तो निघून गेला. पुरायच्या वेळी नव्हता. पण सभेत त्याने बाईंसाठी अशी प्रार्थना केली, की म्हणे मांडवभर लोक हमसून रडले. इथे आम्ही ते ऐकून धन्यता मानली होती.



"नाही," नाथान खाली बघत म्हणाला.

बाबांनी उजवा हात पालथा करून पुढे केला. हाताच्या पाठीवर मधोमध एक जुना, पांढुरका वण होता. पूर्वी मला तो कधी दिसला नव्हता, किंवा दिसला असेल तर मी विचारलं नव्हतं.

"तिला ठेवताना माझा हात तिच्या पाठीखाली होता," ते म्हणाले.



आणि मला शाल आठवली. त्या दिवशी कडाक्याच्या थंडीत बाबा कबरस्तानात नुसत्या सदऱ्यावर आले होते. दुःखात शाल घरी विसरले असतील, असं मी चारचौघांना सांगितलं होतं. शाल विसरली नव्हती. तिची घडी बाईंच्या पाठीखाली गेली होती. आम्ही सहा जणांनी ती पेटी खांद्यावर नेली, वाटभर गाणी म्हटली, आणि कुणाला काही कळलं नाही. हा माणूस वर्षभर गप्प राहिला, आणि त्याच वर्षात पहिल्या बाकावर बसून त्याने नाथानचं प्रवचनही ऐकलं.

मला नाथानचा राग आला. इतका, की हातातली हळदीची वाटी त्याच्या अंगावर फेकावीशी वाटली. मग आठवलं, की पेटीला खांदा मीही दिला होता आणि आत काय आहे ते मीही बघितलं नव्हतं.

नाथान गुडघ्यांवर बसला. रडू येत होतं, पण आवाज फुटत नव्हता. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, आणि घशातून नुसती हवा येत होती.

"आईंची पेटी…" तो कसंबसं म्हणाला. "मी आता काय करू?"

"ती आता उघडता येत नाही," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि समजूतही नव्हती.

 नाथान उठला आणि फाटकाबाहेर गेला. मला वाटलं, संपलं. आता हा ना पाळक होणार, ना सुतार राहणार. मी बाबांना तसं म्हणालोही. पोराला फार कठोर शिक्षा दिलीत, असंही म्हणालो. ते शेवग्याच्या शेंगांकडे बघत राहिले.

तासाभराने नाथान परत आला. त्याच्या हातात बापाचा जुना रंधा होता. मूठ झिजून काळी पडलेली, देवदानच्या अंगठ्याची जागा खोल गेलेली.

त्याने मांजरपाट उपसून काढला. रक्ताची बाजू आत करून त्याची घडी घातली आणि स्वतःच्या पिशवीत ठेवली. मग पेटीत वाकून एकेक टोक शोधलं, वळवलं, ठोकून लाकडात बसवलं. त्यावर रंधा धरला. दुपार झाली, मी भाकरीला हाक मारली, तो आला नाही. भुसा त्याच्या केसांत गेला, पापण्यांवर बसला. पांढऱ्या शर्टाची पार रया गेली. मधूनमधून थांबून तो डोळे मिटायचा आणि तळहात तळावरून फिरवायचा, अगदी सावकाश, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

उन्हं उतरल्यावर त्याने शर्ट काढला आणि स्वतः पेटीत झोपला. कुणी सांगितलं नव्हतं. उठला, डाव्या बाजूची एक जागा बोटाने चाचपली आणि तिथे पुन्हा रंधा मारला. पुन्हा झोपला. पुन्हा उठला. असं चार वेळा झालं.

पाचच्या सुमाराला तो नवा मांजरपाट अंथरायला निघाला.

"कापड घालू नकोस," बाबा म्हणाले.

ते बाजेवरून उठले. त्यांनी फाटकं बनियन काढलं. पाठीवरची हळद सुकली होती, जखमा उघड्याच होत्या. मी या वेळी आडवा झालो, म्हणालो, नको बाबा, आता तरी नको. त्यांनी मला लहान मुलासारखं बाजूला केलं, बाकावर चढले आणि उघड्या पाठीने उघड्या लाकडावर आडवे झाले.

"झाकण."

नाथानने झाकण ठेवलं. त्याचे दोन्ही हात झाकणावरच राहिले. पत्राचं नाव त्याने सकाळपासून पुन्हा काढलं नव्हतं.

आत काही हालचाल नव्हती…

…

नाथानने डोळे मिटले होते. माझे कान पेटीला लागले होते.

…

मग आतून बाबांचा आवाज आला, लाकडातून येतो तसा, दबका, पण स्पष्ट.

"नाथान… आता ऐकू आलं."