बगळ्याचा उरलेला वेळ

जंगलात नुकत्याच कचेऱ्या सुरू झाल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. म्हाताऱ्या सिंहाला बेडकांच्या गाण्याची हौस होती, पण इतके भरभर सूर त्याच्या कानांना झेपत नसत. म्हणून बगळा प्रत्येक सूर शेजारच्या सुरांत घोटून मऊ करी आणि मग कोल्हा दर चार सुरांतले पहिले तीन फेकून देई. घोटण्यात इतका वेळ जाई की गाणं पोचेपर्यंत सिंहाला झोप लागे.

"उद्या उशीर झाला तर तुलाच खाईन," सिंह बगळ्याला म्हणाला.

बगळा कासवाकडे धावला. कासव म्हणालं, "बगळेराव, फेकायचे सूर घोटता कशाला? चौथा तेवढा घोटा, शेजारचे त्यात येतातच."

"आणि उरलेल्या वेळात काय करू? रिकामा दिसलो तर जागा जाईल!"

दुसऱ्या दिवशी गाणं वेळेवर पोचलं. तेव्हापासून बगळा तळ्यात एका पायावर, मान खाली घालून, अतिशय कामात असल्यासारखा उभा असतो.