ठेवणीतली आगीनगाडी

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव. मानलास, तर माझा उरलेला एकुलता एक दात तुझा.

लई जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर अजून बसायला जागा शोधत हिंडत होते. त्या काळी एका राज्यात एक पितळेची आगीनगाडी होती, वीतभर लांब. खरी आगीनगाडी तिथं कुणी बघितलीच नव्हती, त्यामुळं ही खेळण्यातली आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं. लोक म्हणायचे, आगीनगाडी एवढीच असते, आणि एवढीच बरी.

राजवाड्यासमोरच्या ओट्यावर तिचे रूळ गोल मांडलेले. राजाचा कोठावळा, म्हणजे कोठार सांभाळणारा म्हातारा, रोज दिवेलागणीला तिला किल्ली द्यायचा. मग ती निघायची. खटक-फुस, खटक-फुस. तो आवाज धुरासारखा गल्लीबोळांतून पसरायचा, आणि जिथं आवाज पोचेल तिथं झोप पोचायची. गाईंच्या पापण्या जड व्हायच्या. भांडणारी नवरा-बायको अर्ध्या शब्दावर घोरायला लागायची. विहिरीतलं पाणीसुद्धा कूस बदलून निजायचं.

एका संध्याकाळी गाडी अर्ध्या फेरीत थांबली. कोठावळ्यानं तिचं पोट उघडून पाहिलं, तर आतल्या दातेरी चाकाचा एक दात पडलेला.

त्या दिवशी गाव झोपलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग लोकांना उघड्या डोळ्यांनीच स्वप्नं पडायला लागली. सुतारानं पाटाला पायांऐवजी शिंगं बसवली. राजानं दरबारात एका लोणच्याच्या बरणीला प्रधान म्हणून हाक मारली, आणि खरा प्रधान म्हणाला, "बरणी सध्या रजेवर आहे, महाराज."

लोक हसायचे, पण कोठावळ्याला हसू येत नव्हतं. त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तान्हं टक्क जागं. त्याला मांडीवर हलवून हलवून लेक वाळत चालली होती. डिंकाचे लाडू डब्यात तसेच, दूध आटत चाललेलं.

"आबा," लेक म्हणाली, "तुमच्या पेटीत दुसरी गाडी आहे ना? हिचीच जुळी बहीण. तिचं चाक काढा अन् हिला लावा. झालं."

"ती ठेवणीतली आहे गं."

"कशासाठी ठेवलीय?"

"चांगल्या दिवसासाठी."

"म्हंजे आज दिवस वाईट आहे, म्हणून बाळानं चांगला दिवस उजाडेपर्यंत जागं राहायचं?"

 कोठावळा माणूस वाईट नव्हता, बरं का. नुसता ठेवणारा होता. नवं धोतर ठेवणीत आणि विरलेलं अंगावर. आंब्याच्या पाटीतला नासका आंबा आधी खायचा आणि चांगला ठेवायचा. उद्या तो नासला की मग तो खायचा. सगळा जन्म नासके आंबे खाल्ले बिचाऱ्यानं. तो पडका दातही त्यानं कनवटीला लावून ठेवला होता.

"मी दुसरा दात शोधून आणतो," तो म्हणाला, आणि निघाला.

आधी गेला फण्या करणाऱ्याकडं. फणीवाल्यानं शिंगाच्या फणीचा एक दात मोडून दिला. कोठावळ्यानं तो चाकात बसवला, किल्ली दिली. गाडी निघाली ती रूळ सोडून हिरवळीवर. गवताचा मधोमध भांग पाडला, दोन्ही बाजू चापूनचोपून बसवल्या, आणि थांबली. झोप कुणालाच आली नाही.

लेक म्हणाली, "आबा, आता वेणी घाला त्याची. गजरा मी देते."

मग तो गेला लाकडं कापणाऱ्याकडं. त्यानं करवतीचा दात दिला. या वेळी गाडी खर्र-खर्र करत निघाली. वाटलं, जमलं, घोरतेय. पण करवतीचा दात तो, कापल्याशिवाय राहतोय होय? गाडीनं दुपारच मधोमध कापली. अर्ध्या गावात ऊन, अर्ध्या गावात सांज. एका घरात स्वयंपाकघरात जेवणाची वेळ झाली, अन् ओसरीवर दिवा लावायची. कोठावळ्यानं घाईघाईनं दात उपटला, तेव्हा दुपारचे दोन तुकडे पुन्हा चिकटले. जरा वाकडेच चिकटले. त्या गावात आभाळाला अजून शिवण दिसते.

कोठावळा दमून घरी आला. दारातच त्याचे पाय थबकले.

बाळ चटईवर पडून छताकडं बघत होतं. लेक भिंतीला टेकून मांडी हलवत होती. मांडीवर कुणी नव्हतं. अंगाई म्हणत होती, पण शब्द विसरलेली, नुसता सूर चाललेला.

"पोरी," त्यानं हाक मारली.

तिनं त्याच्याकडं बघितलं आणि विचारलं, "आपण कोण?"

 म्हातारा तसाच उंबऱ्यापाशी खाली बसला. उंबऱ्याशेजारी उंदराचं बीळ होतं. पोरांचा दुधाचा दात पडला की ती बिळात टाकतात आणि उंदराकडं नवा मागतात, ते तुलाही ठाऊक असेल. दुसरं काही सुचेना, तेव्हा म्हाताऱ्यानं कनवटीचा दात काढला आणि लहान पोरासारखा बिळात टाकला.

"उंदीरमामी," तो म्हणाला, "माझा जुना घ्या, तुमचा नवा द्या."

थोड्या वेळानं उंदरीण तो दात उचलून बाहेर आली. उलटापालटा करून बघितला, चावून बघितला.

"हा पोराचा नव्हे."

"गाडीचा आहे, मामी."

"असल्या दातांचं अख्खं चाक आहे माझ्या घरी. पोरं झोके घेतात त्यावर. चला, दाखवते."

ती पुढं, कोठावळा मागं. उंदरीण माजघरातून गेली, कोठीच्या खोलीत शिरली, आणि कोपऱ्यातल्या मोठ्या पेटीच्या फटीतून आत गेली.

"अहो, ही तर माझी पेटी," कोठावळा म्हणाला.

"तुमची?" उंदरीण आतून म्हणाली. "कधी आत दिसला नाहीत."

कोठावळ्यानं झाकण उघडलं. कुलूप घातल्यापासून आजच. आत जुळी गाडी होती. अंगावर पितळेचा हिरवा गंज, कळंक, चढलेला, चाकं आसाला चिकटून बसलेली, सांधे जाम. गुंडाळलेल्या रेशमाचं कुरतडून घरटं झालेलं. सगळ्या गाडीत एकच दातेरी चाक लखलखत होतं, नव्यासारखं. त्यावर उंदरिणीची पिल्लं झुलत होती. त्यांच्या रोजच्या खेळानं ते फिरत राहिलं होतं, म्हणून तेवढंच जिवंत.

"हे माझंच आहे," असं म्हाताऱ्याच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून ती बिनशब्दांची अंगाई ऐकू आली. त्यानं हात जोडले.

"मामी, चाक मागतो. द्याल का?"

"देईन. पण माझी पोरं कशावर झुलणार?"

पेटीच्या तळाशी एक जरीचा शेला होता. राजानं दिलेला, एकदाही अंगावर न घेतलेला. नशिबानं कुरतडायचा राहिला होता. म्हाताऱ्यानं तो उचलला. टर्रकन फाडला. खुंटीला त्याची इवलीशी झोळी बांधली आणि एकेक पिल्लू त्यात ठेवलं.

"जरीचे धागे जरा टोचतात," उंदरीण म्हणाली, "पण चालेल."

दिवेलागण झाली. चाक बसलं. कोठावळ्यानं किल्ली दिली.

खटक-फुस. खटक-फुस.

सुताराच्या हातातलं शिंग गळून पडलं. राजा बरणीला मिठी मारून आडवा झाला. कोठावळा धावत घरी आला, तर बाळाची मूठ सैल पडत होती. लेकीनं त्याला कुशीत ओढलं, म्हाताऱ्याकडं बघितलं.

"आबा, आलात होय," म्हणाली, आणि पुढचा शब्द झोपेतच गेला.

जुळी गाडी पुन्हा कधी चालली नाही. लई घासली, लई तेल पाजलं, पण तिचे दिवस पेटीतच सरले होते. पेटीला मात्र म्हाताऱ्यानं पुन्हा कुलूप लावलं नाही. नवं धोतर नेसून तो भाजी आणायला जायला लागला, आणि लोक विचारायला लागले की आज कुणाचं लग्न.

ऐकलंस ना, मग लक्षात ठेव: वापरलं ते आपलं, नुसतं ठेवलं ते गंजाचं आणि उंदरांचं.

आता डोळे विस्फारून बघत काय बसलास? ऊठ. जा आता.