वाटजाईच्या चालत्या वशाची कहाणी

ऐक वाटजाई, तुझी कहाणी. डोंगराच्या पायथ्याशी एक नांदतं नगर होतं. तिथं धर्मसेन नावाचा राजा होता. त्याला एक राणी होती, तिचं नाव येसू. येसू काही राजाची लेक नव्हे. डोंगरमाथ्यावर गवळ्यांची वाडी होती, त्या वाडीतली ती पोर. बाप लहानपणीच गेलेला. आई ठकाबाई, दारात म्हशी, आणि ही एकुलती एक लेक.

येसू माहेरी कशी होती? कोंबड्याच्या आधी उठायची. आईच्या समोर बसून जात्याचा खुंटा धरायची. तळ्यावर जायची, घागरी आणायची, एक डोईवर, एक कमरेवर. मग म्हशींमागं पठारभर पळायची. भूक लागली की नाचणीची भाकरी, कांद्याची पात, वर वाटीभर ताक. पंचमीला तळ्याच्या काठी फुगड्या घालायची. जोडीला शेजारची तानी असायची, तिच्याच वयाची. दोघी अशा गरगर फिरायच्या की आभाळ खाली यावं आणि पठार वर जावं. मग हसत हसत गवतात पडायच्या. रात्री पाठ टेकली की झोप. आजारपण म्हणजे काय, ते येसूला ठाऊक नव्हतं.

एके दिवशी काय झालं? राजा शिकारीला निघाला, वाट चुकला, तहानेनं व्याकूळ झाला. तळ्यावर येसू पाणी भरत होती. तिनं त्याच्या ओंजळीत घागर रिती केली. राजा पाणी प्याला, तिच्याकडं पाहत राहिला. मग ठकाबाईकडं मागणी घातली. लग्न झालं, येसू डोंगर उतरून खाली आली, राणी झाली.

राजाची तिच्यावर फार माया. त्यानं वाड्यात ताकीद दिली, "माझ्या राणीनं फार कष्ट काढलेत. आता तिच्या पायाला माती लागता कामा नये." मग राणीनं हूं म्हटलं की दासी धावल्या. राणी उठली की पालखी आली. राणी बसली की झोपाळा हलला. सकाळी शिरा, दुपारी श्रीखंड, संध्याकाळी अनारसे. उन्हं माथ्यावर आली की उठावं, चंद्र मावळेपर्यंत सोंगट्या खेळाव्या. पहिल्यांदा येसूला मौज वाटली. मग सवय झाली. मग दुसरं काही आठवेनासं झालं.

अशी वर्षं गेली. श्रावण आला की ठकाबाई मात्र न चुकता डोंगर उतरायची. डोईवर दह्याचं मडकं घेऊन वाड्याच्या दारात उभी राहायची. लेकीला जवळ घ्यायची, गालावरून हात फिरवायची.

"येसे, घरी कधी येशील?"

"येईन गं आई, पुढच्या साली."

म्हातारी दही ठेवायची, लेकीला डोळे भरून पाहायची, दिवस मावळायच्या आत डोंगर चढून घरी पोचायची. पुढचं साल यायचं, येसूचं जाणं व्हायचं नाही.

इकडं राणीला काय झालं? भूक लागेना. झोप येईना. जिना चढली की छातीचा भाता व्हायचा. गुडघे सुजले, बांगड्या मनगटात रुतल्या. दिवसभर बसून राहायची आणि दिवसभर दमलेली असायची. राजानं वैद्य बोलावले. पहिल्यानं चूर्ण दिलं, दुसऱ्यानं काढा दिला, तिसऱ्यानं भस्म दिलं. चूर्ण संपलं, काढा संपला, भस्म संपलं. राणी होती तशीच राहिली.

मग एक श्रावण असा आला, की पहिला शुक्रवार गेला, ठकाबाई आली नाही. दुसरा गेला, आली नाही. तिसरा गेला, आली नाही. राणी सज्जात बसून डोंगराकडं बघत राही. शेवटी वाड्यावर दूध घालायला आलेल्या गवळ्याला तिनं वर बोलावलं. त्यानं मान खाली घातली.

"राणीसाहेब, ठकूआईचे डोळे गेले. ओटीवर बसून असते. जेवण तुटलंय. कुणाचं पाऊल वाजलं की विचारते, येसू आली का गं?"

राणीनं ते राजाला सांगितलं. राजानं तातडीनं डोली पाठवली, "सासूबाईंना अलगद घेऊन या." डोली पायथ्याशी ठेवून माणसं वर गेली, पण रिकामी डोली घेऊन परतली. म्हातारीनं निरोप दिला होता, "मला खाली नेऊन गादीवर निजवाल. मी माझ्या उंबऱ्यातच बरी. लेकीला यायचं तर तिनं यावं."

मग राणी पालखीत बसून निघाली. डोंगराच्या पायथ्याशी वाटजाईचं ठाणं होतं, शेंदूर लावलेला दगड. तिथं भोई थांबले. म्हणाले, "राणीसाहेब, इथून पुढं एका माणसाची वाट. एकीकडं कडा, एकीकडं दरी. पालखी जायची नाही. पाठीवर घेतलं आणि पाय सरकला, तर दोघं जाऊ."

राणी खाली उतरली. पदर खोचला, चालू लागली. पहिलं वळण आलं, दम कोंडला. दुसरं वळण आलं, पाय थरथरले. तिसरं वळण यायच्या आधीच ती दगडावर मटकन बसली. वर वाडी दिसत होती. चुलींचा धूर दिसत होता. याच वाटेनं ती एके काळी गाणं म्हणत पळत उतरायची, वाटेतल्या करवंदांनी ओचा भरायची, तशीच पळत वर जायची. तिला ते सगळं आठवलं. पाय मात्र उचलेना. राणी पदरात तोंड घालून रडू लागली.

इतक्यात गवताचे भारे डोईवर घेऊन वाडीच्या बाया वर निघाल्या. त्यातली एक थांबली. केस पिकलेले, पाठ ताठ, चाल हरिणीसारखी. तिनं वाकून पाहिलं.

"कोण गं ही? येसे, तू?"

राणीनं वर पाहिलं. तानी होती. कितीतरी वर्षांनी आईशिवाय दुसऱ्या कुणी तिला येसे म्हणून हाक मारली होती. राणीला हुंदका आवरेना.

"तानी, आई वर बसलीय आणि मला हे चार दगड चढवेनात. तुझे केस पिकले, तरी तू भारा घेऊन चढतेस. तू कोणता वसा वसतेस, तो मला सांग."

"तुला कशाला गं? तू राणी. चार दिवस करशील, कंटाळशील, टाकून देशील."

"टाकणार नाही. आईची शपथ."

मग तानीनं भारा उतरवला, तिच्याजवळ बसली आणि वसा सांगितला. "सूर्याच्या आधी उठावं. आपलं दळण आपण दळावं, आपलं पाणी आपण भरावं. अनवाणी चालत वाटजाईला यावं, दगडावर एक हिरवं पान ठेवावं. मग डोंगर चढावा. जितका चढवेल तितका चढावा, उद्या त्याच्यापुढं एक पाऊल टाकावं. भूक लागल्याशिवाय जेवू नये, पोट तुडुंब भरू नये. दिवा मालवला की निजावं."

"आणि उद्यापन केव्हा करावं?"

"याला उद्यापन नाही गं. अंगात जीव आहे तोवर."

राणी म्हणाली, "मी वर पोचेपर्यंत आई थांबेल का?"

तानीनं भारा डोईवर घेतला. "मी सांगते तिला, येसू वाटेला लागलीय."

राणी घरी आली. दुसऱ्या दिवशी काळोखात उठली. जात्यावर बसली, हाताला फोड आले. विहिरीवर गेली, खांदा भरून आला. वाटजाईला चालत गेली, तळव्यांत खडे रुतले. संध्याकाळी सारं अंग ठणकत होतं. राजा पाहून कळवळला.

"राणी, माझ्या घरात माणसं का थोडी आहेत? हे हाल कशासाठी?"

"महाराज, तुम्ही जेवलात तर माझं पोट भरेल का? तुम्ही निजलात तर माझा शीण जाईल का? तसंच हे. माझं मलाच चालायला हवं."

राजाला ते पटलं. मग त्यानं आपली ताकीद मागं घेतली.

पुढं काय झालं? हातांना घट्टे पडले, फोड यायचे थांबले. दुपारी पोटात कावळे ओरडू लागले, नाचणीची भाकरी गोड लागली. रात्री पाठ टेकली की झोप. भादव्यात राणी जांभळीच्या झाडापर्यंत चढली. आश्विनात झऱ्यापर्यंत चढली. तानी रोज संध्याकाळी ओटीवर जाई आणि ठकाबाईला सांगे, "आई, आज येसू जांभळीपर्यंत आली." "आई, आज येसू झऱ्यापर्यंत आली." म्हातारी मान हलवायची, अर्धी भाकरी मागून घ्यायची.

मग दिवाळी आली. वाड्यात पंगती उठल्या, पाहुण्या राण्या आल्या. म्हणाल्या, "येसूराणी, कशी तुकतुकीत दिसतेस! आता कशाला ते जातं, कशाला ते चालणं?" राणीलाही तसंच वाटलं. आता मी बरी झाले, आणखी काय हवं? ती उतली, मातली. एक दिवस दळलं नाही. एक दिवस चालली नाही. मग उठलीच नाही. करंज्या, लाडू, झोपाळा, सोंगट्या. वसा टाकला.

मार्गशीर्षात एके सकाळी तिला आईची फार आठवण झाली. ती निघाली. दिवाळीआधी झऱ्यापर्यंत चढणारी राणी जांभळीलाही पोचली नाही. पुन्हा तोच दम, पुन्हा तेच गुडघे. तानी भारा घेऊन आली. रागावली नाही, टोचून बोलली नाही. नुसतं विचारलं, "म्हातारी विचारते, येसू कुठवर आली? काय सांगू?"

राणी खाली मान घालून म्हणाली, "खरं सांग. येसू मागं फिरली म्हणून सांग."

तानी गेली. राणी रात्रभर तळमळली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटजाईच्या दगडापाशी येऊन बसली. तानी खाली आली.

"सांगितलंस? आई काय म्हणाली?"

"म्हणाली, दमली असेल पोर. उद्या निघेल. आणि भाकरी खाल्ली तिनं."

राणीनं डोळे पुसले. रानातलं एक हिरवं पान तोडलं, दगडावर ठेवलं. म्हणाली, "वाटजाई, चुकले. पुन्हा धरते." आणि उठून चालू लागली. त्या दिवशी पहिल्या वळणापर्यंत गेली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. पौषाची थंडी आली, राणी थांबली नाही. संक्रांतीला पाहुण्या राण्या आल्या, राणीनं तिळगूळ दिला, हळदीकुंकू केलं, आणि पहाटे जात्यावर बसली. माघात झरा मागं पडला. फाल्गुनात खिंड आली. आणि होळीच्या आदल्या सकाळी येसूराणी पठारावर उभी राहिली.

वारा तोच होता. तळं तेच होतं. म्हशींच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, ओल्या शेणाचा आणि धुराचा वास येत होता. काही घरं पडली होती, काही नवी उठली होती. तिच्या घराची ओटी सारवलेली होती. ठकाबाई उन्हाला बसली होती, वाटेकडं तोंड करून. पाऊल वाजलं तशी तिनं मान उचलली.

"कोण गं?"

"आई, मी येसू."

म्हातारीनं हात पुढं केला. तोंड चाचपलं, खांदे चाचपले, दंड चाचपले. न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. येसूला वाटलं, आता आई गळ्यात पडून रडेल. आई म्हणाली, "फार वेळ लावलास बये. हंडा रिकामा आहे. पाणी आण जा."

येसू हसली आणि रडली. इतक्या वर्षांत तिला कुणी काम सांगितलं नव्हतं. घागर घेऊन ती तळ्यावर गेली. तानी तिथं होती, लहानपणच्या आणखी दोघी होत्या. कुणीतरी म्हणालं, "येसे, फुगडी?" चारचौघींनी पदर खोचले. पिकलेले केस उडाले, आभाळ फिरलं, पठार फिरलं. सगळ्या धापा टाकत गवतात पडल्या. पण ही धाप वेगळी होती, हिच्यात हसू होतं.

येसू पाणी घेऊन आली. मायलेकी जात्यावर समोरासमोर बसल्या. आईच्या हातात जोर नव्हता, तरी तिनं खुंट्यावर हात ठेवला. पीठ पडलं, भाकरी झाली, लेकीच्या हातून आई पोटभर जेवली.

त्या दिवसापासून येसू रोज डोंगर चढायची. पाणी भरायची, आईची वेणी घालायची, ओटीवर बसून जुन्या गोष्टी बोलायची. कोणत्या म्हशीनं कुणाला ढुशी दिली, कोणत्या पंचमीला कोण तळ्यात पडलं. सारा वसंत असा गेला. वैशाखातल्या एका सकाळी म्हातारीनं लेकीच्या मांडीवर डोकं ठेवलं. म्हणाली, "आता उन्हं व्हायच्या आत उतर. सांभाळून जा हो." आणि डोळे मिटले, ते उघडले नाहीत.

आईचे दिवसवार झाले. येसू खाली आली. दुसऱ्या दिवशी सूर्याच्या आधी उठली, दळण दळलं, पाणी भरलं, आणि निघाली. राजाला जाग आली.

"राणी, आता वर कोण आहे?"

"कोणी नाही, महाराज."

राजानं पांघरूण बाजूला सारलं. मग उठला. जोडे तिथंच ठेवले आणि तिच्याबरोबर चालू लागला.

वाटजाई, येसूराणी जशी आईच्या ओटीवर पोचली, तसं आम्हाला आमच्या माणसांपाशी पोचू दे. तिची जशी भूक परतली, झोप परतली, हसू परतलं, तसं ऐकणारीचं परतो, सांगणारीचं परतो. वसा सुटला तर पुन्हा धरवो. डोंगराएवढी कहाणी ओंजळीएवढी सांगितली, तुझ्या पायाशी पुरी झाली, सुफळ झाली.