कुऱ्हाडीविना सात दिवस

या, तळ्याच्या या बाजूला उभे राहा सगळे. चालायचं बटण सावकाश दाबा, नाहीतर पाण्यात पडाल. पहिल्या दिवशी सगळ्यांचंच तसं होतं.

समोर ही फरशी दिसते ना, तीच ती जागा. भिंत नाही, छप्पर नाही. चहूबाजूंना लोकांनी मनोरे उठवलेत, पूल टाकलेत, एकाने तर अख्खं जहाज बांधलंय. पण इथं कुणी एक ठोकळा ठेवत नाही.

वेशीवर तुमच्या कुऱ्हाडी, कुदळी काढून घेतल्या, त्याचा राग आला असेल. पहिले सात दिवस पाणथळात, म्हणजे खेळातल्या आपल्या या मुलखात, काही तोडायचं नाही. झाड नाही, दगड नाही, शेतातलं कणीससुद्धा नाही. भूक लागली की दारोदार जाऊन भाकरी मागायची. खेळ बनवणाऱ्यांनी असा नियम कुठंही लिहिलेला नाही. हा आमचा, या सर्व्हरवरच्या माणसांचा. मी आलो त्याच्या दोन वर्षं आधी ही हकीकत घडली. जुन्यांनी मला सांगितली तशी सांगतो.

तेव्हा पाणथळात वीसेक माणसं होती म्हणे. आपापल्या गावी पडद्यासमोर बसायची आणि इथं प्रत्येकजण घराभोवती उंच भिंत घालून राहायचा. नावं ठाऊक, ओळख नाही. अपवाद दोघींचा. शलाका खांडेकर आणि नाझनीन परकार. रत्नागिरीच्या हॉस्टेलवर दोघींनी एका खोलीत तीन वर्षं काढली होती. पुढे शलाका नोकरीसाठी पुण्याला गेली, नाझनीन चिपळूणला घरी परतली. रोज संध्याकाळी दोघी इथं भेटायच्या. तळ्याकाठी त्यांनी एक घर बांधलं आणि त्याला लागून नाझनीनने एकटीने एक लहानशी खोली काढली.

त्याच सुमारास तिच्या अब्बांना पक्षाघात झाला. वाचा गेली. नाझनीन त्यांची खुर्ची आपल्या शेजारी ओढून घ्यायची, आणि ते पडद्यावर बोट टेकवून दाखवायचे, खिडकी इथं, काच निळी. एक खिडकी बसली की हसायचे. सोळा खिडक्या झाल्या. हे तिने शलाकाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नसेल.

मग अब्बांना दवाखान्यात हलवलं आणि नाझनीनचं येणं थांबलं. इकडे शलाकाच्या मनात आलं, बिचारी दमून येईल, तिला काहीतरी मोठं दाखवू. तिने ती खोली पाडली आणि तिथं खांबांचं भलंमोठं दालन उभं केलं. महिनाभर खपत होती म्हणतात.

अब्बा गेले. चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर नाझनीन इथं आली.

"खोली कुठंय?" तिने लिहिलं.

"पाडली! आधी वर बघ तरी, छत केवढं झालंय!"

मग एक ओळ आली. "त्या खिडक्या अब्बांनी लावल्या होत्या."

आणि ती निघून गेली. या खेळात लाकूड तोडलं की लाकूड हाती येतं, दगड फोडला की दगड. काच फोडली की हाती काहीच येत नाही.

शलाकाने फोन केले, ते उचलले गेले नाहीत. ती चिपळूणला गेली. दारात नाझनीनची आई आली. "ती नको म्हणते गं भेटायला. थोडे दिवस जाऊ देत," एवढं बोलून त्यांनी तिला पाणी दिलं. शलाका ते पाणी पिऊन परत फिरली.

त्या संध्याकाळी तिने तळ्यात कुऱ्हाड टाकली आणि काठावर पाटी लावली. नाझनीन येईपर्यंत मी इथं काहीही तोडणार नाही.

लोक हसले. न तोडता इथं जगायचं कसं? तिसऱ्या दिवशी भुकेने जीव जायची वेळ आली, तेव्हा ती शेजारच्या भिंतीपाशी गेली. आत मिसाळ नावाचे गृहस्थ राहायचे, मिरजेचे.

"भाकरी मिळेल का एक?"

मिसाळांच्या भिंतीला दारच नव्हतं. ती तर काही तोडणार नव्हती. शेवटी त्यांनीच आपली भिंत आतून फोडली आणि भाकरी बाहेर दिली. पाणथळातलं ते पहिलं दार, असं सांगतात.

मग ती रोज एकेका घरी जाऊ लागली. कुणी कारण विचारलं की स्वतःची चूक न लपवता सगळं सांगायची. एकदा मिसाळ म्हणाले, "मी पण आठ दिवस ठेवतो कुदळ बाजूला." त्यांना सातच जमले. मग दुसऱ्याने धरले, तिसऱ्याने धरले. भिंतींना दारं पडत गेली.

अकरा महिने गेले. एका रविवारी सकाळी सगळ्यांच्या पडद्यावर ओळ झळकली, नाझनीन आली आहे. शलाका तेव्हा पार पलीकडच्या डोंगरावर कुणाच्या दारात उभी होती. ती धावत सुटली. वाटेत कुणी तिला अडवलं नाही, कुणी काही लिहिलं नाही.

नाझनीन दालनात उभी होती.

"तू काही तोडत नाहीस म्हणे."

"नाही."

"काच परत यायची नाही, शलाका."

"ठाऊक आहे मला."

नाझनीनने आपल्याजवळची कुऱ्हाड शलाकासमोर ठेवली. "हे दालन मला बघवत नाही. दोघी मिळून काढू या?"

दुपार होईपर्यंत दोघी खांब उतरवत होत्या. शेवटी दालनाची जमीन उचलली, तर खाली त्या खोलीची जुनी फरशी तशीच निघाली. शलाकाने घाईत तिच्यावरच नवी अंथरली होती. नाझनीन फरशीच्या एका कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. शलाका बाहेर गवतावर थांबली.

"इथं आले की अब्बा शेजारी बसल्यासारखे वाटतात," नाझनीनने लिहिलं. "म्हणून येववत नाही. रागाने नाही." आणि मग, "येते."

त्यानंतर दोघी फोनवर बोलू लागल्या, पण नाझनीन पाणथळात पुन्हा आली नाही. शलाका मात्र येते. दर रविवारी सकाळी. दिसली तर नमस्कार करा, पुढं काही विचारू नका.

आजही पाणथळात कुणाची वर्षानुवर्षं ओस पडलेली झोपडी काढायची असली, तरी आधी मालकाला निरोप धाडतात. "तोडू का?" एवढंच लिहितात, आणि वाट बघतात. कधी उत्तर येतं. बहुतेकदा येत नाही, आणि झोपडी तशीच राहते.