आधी कंद, मग काटा

आटपाट रान होतं. तिथं टेकडीपल्याड एक सशीण आणि तिचा लेक रानू राहायचे. ओढ्याचं सगळं पाणी वाघाच्या बाजूला वळवलेलं, म्हणून पल्याड गवताची काडी उगवत नसे.

एक दिवस रानू साळिंदराच्या टोळीत गेला. काटा घेऊन वाघाच्या वाटेवर दबा धरू लागला.

वाघ सशिणीवर गुरगुरला, "म्हातारे, फाडू का तुझ्या पोराला?"

सशीण तरी बोललीच. "त्याला फाडाल, महाराज, उद्या शेजारणीचा टोळीत जाईल. साळिंदरानं त्याला आधी कंद दिला, मग काटा. तुमच्याकडून आजवर नुसते धाक घालायला लांडगेच आले."

वाघाला ते पटलं. त्यानं रानडुकरांकडून पाट खणवून पाणी पल्याड नेलं.

गवत कानाएवढं वाढलं, तसा रानू परतला. सशीण म्हणाली, "मेल्या, आता त्याच काट्यानं कंद उकर!"

मायलेकरांची पोटं भरली, तशी साऱ्या पल्याडकरांची भरोत.