भिवराबाईच्या शिव्या

किती वर्षं झाली, ते नेमकं सांगणारं आता कवलीटोल्यात कुणी उरलेलं नाही. गावाला तेव्हा मालगुजार होता, तलावाच्या पाळीवर मोहाची थोराड झाडं होती आणि सारसांची एक जोडी दरवर्षी तलावात घरटं बांधायची. तेव्हाची ही गोष्ट.

त्या तलावाच्या काठी भिवरा नावाची ढिवराची बाई राहत होती. तिचा नवरा दसरू तलावात जाळं टाकायचा आणि ती मासे टोपलीत घेऊन गावोगाव फिरायची. भिवरा सकाळी उठायची तीच वैतागलेली. चूल धुपली की चुलीवर, कोंबडं उशिरा आरवलं की कोंबड्यावर, आणि सगळ्यात जास्त दसरूवर. कारण दसरू बोलायचाच नाही. काहीही विचारा, त्याचं उत्तर एकच, "होईल." तिच्या आवाजानं पाळीवरची वटवाघळं दिवसा उडायची, असं म्हणतात.

तर झालं असं, की एका पावसाळ्यात तलावाची पाळ खचली. माती धरून ठेवायला मालगुजारानं कुठून तरी एका झुडपाच्या काड्या मागवल्या आणि पाळीवर खोचल्या. झुडूप झरझर वाढलं. गुरं त्याला तोंड लावत नव्हती, उन्हात ते सुकत नव्हतं, आणि वर फिक्या जांभळ्या रंगाची कर्ण्यासारखी फुलं यायची. गाव खूश झालं. बायाबापड्या फुलं केसांत माळू लागल्या. भिवरानंही एक माळलं होतं म्हणतात, पण हे तिच्यासमोर कुणी कधी बोललं नाही.

पुढं ते झुडूप पाळीवरून खाली उतरलं. आधी काठावरच्या गवतात शिरलं. मग उथळ पाण्यात, जिथं देवधान उगवायचं तिथं. देवधान म्हणजे आपोआप उगवणारं रानातलं भात. त्याच्या बुडाशी मरळ मासळी अंडी घालायची, त्याच्या लोंब्या सारस खायचे, आणि उपासाला बायाही तेच झोडून आणायच्या. त्या झुडपानं देवधान दाबून टाकलं. पवन नावाच्या पाणवनस्पतीची तरंगती पानं दिसेनाशी झाली. दसरूचं जाळं त्या काड्यांत अडकायचं आणि फाटून, चिखल घेऊन परत यायचं. एका वर्षी सारसांची जोडी आली, तलावावर घिरट्या घालत राहिली, आणि पाय टेकायला जागा न मिळाल्यानं ओरडत निघून गेली.

भिवरा चावडीवर गेली. "तलाव मरून रायला," ती म्हणाली, "अन् तुमी पान खाऊन रायले!"

"होईल काहीतरी, भिवराबाई," म्हातारा कोतवाल म्हणाला.

"घरात एक 'होईल' आहे, तो पुरे आहे मले!"

तिच्या तोंडाला कंटाळून गाव एकदाचं उठलं. विळे-कोयते घेऊन लोक पाण्यात उतरले, वाजतगाजत झुडपं छाटली, छाटलेल्या काड्या तिथंच पाण्यात भिरकावल्या आणि वर पाळीवर भात-डाळीची पंगत झाली. भिवरा ओरडत होती, "अरे, काड्या पाण्यात नका टाकू! बाहेर काढा!" पण पंगतीत कोण ऐकतं?

पाऊस पडला आणि प्रत्येक काडीला मूळ फुटलं. जिथं एक झुडूप होतं तिथं रान माजलं. वर पुन्हा तीच जांभळी फुलं, जसं काही झालंच नाही. भिवरा कंबरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"कापलं तरी येतेस, फेकलं तरी येतेस, अन् वरून हासतेस?" ती म्हणाली. "बेशरम आहेस तू. बेशरम!"

तेच नाव पडलं. कवलीटोल्याचे लोक तर छातीठोक सांगतात, की त्या झुडपाला बेशरम हे नाव दिलं ते भिवरानंच. आजूबाजूची गावं हे मानत नाहीत, पण त्यांच्याकडे दुसरं काही सांगण्यासारखं नाही.

मग भिवरा एकटीच पाण्यात उतरली. कोयता नाही, विळा नाही. बुंधा दोन्ही हातांनी धरायचा, शिवी घालायची आणि मुळासकट उपटायचा. उपटलेलं सगळं दूरच्या काळ्या खडकावर नेऊन उलटं टाकायचं, मुळं आभाळाकडे, म्हणजे मातीचा वास पण लागायला नको. "मेली, सटवी, फुकटखाऊ, पाव्हणी म्हणून आली अन् मालकीण होऊन बसली!" असं म्हणतात, की पहिल्या शिवीला बेशरमीची पानं थरथरायची, दुसरीला बुंधा वाकायचा, आणि पुढच्या शिवीला मूळ चिखलातून आपसूक सुटायचं.

उन्हाळाभर तिनं तलावाचा एक कोपरा साफ केला. आरशासारखं पाणी झालं. पावसाळा संपला आणि त्या कोपऱ्यात पुन्हा बेशरम उभी, टवटवीत.

तेव्हा मात्र भिवरा पाळीवर मटकन बसली आणि रडली. दुःखानं नाही, निव्वळ वैतागानं. हाताला घट्टे पडले होते, शिव्या संपल्या होत्या. दसरू तिच्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला,

"तू उपटतेस अन् जागा खाली सोडतेस. तिथं देवधान होतं, पवन होतं. ते परत लावल्याबिगर हे हटणार नाही."

भिवरानं डोळे पुसले. त्याच्याकडे वळली.

"अन् हे तुमाले आता सुचते?"

"कवाचं सुचलं."

"मग बोलले काऊन नाही?"

"तू बोलू देशील तवा ना."

भिवरानं पदर खोचला आणि ताडकन उभी राहिली. "उठा मग! बसून काय रायले?"

दसरू डोंगरापलीकडच्या तलावावर गेला. कावडीत चिखल, आणि चिखलात पवनाचे कंद, देवधानाची रोपं, गादीसारखं पसरणारं पाणगवत घेऊन आला. ती उपटायची, तो लावायचा. ती बोलायची, तो लावायचा. लावलेलं तगलं. पण तलाव केवढा आणि माणसं दोन! एक कोपरा सांभाळेपर्यंत दुसऱ्या कोपऱ्यातून ती बया सरकत यायची.

शेवटी एका वैशाखात भिवरा तलावाच्या मधोमध छातीभर पाण्यात उभी राहिली आणि गावाकडे तोंड करून बोलायला लागली. एकेका घराचं नाव घेऊन. कोण दुपारभर झोपतो, कोण दुसऱ्याच्या बांधावरून आंबे उचलतो, कुणाची सून का रुसून गेली. मालगुजाराच्या घरापर्यंत सगळं ऐकू जात होतं. ऊन कलायला लागलं तरी तिचा आवाज बसेना. पाणी तिच्याभोवती उकळत होतं म्हणतात.

आधी कोतवाल धावत आला. "बाई, गप्प बस ना जी!"

"पाण्यात उतरा, हात लावा. होते गप्प."

कोतवाल उतरला. मग ज्यांची ज्यांची नावं अजून यायची होती ते सगळे उतरले. मालगुजारही धोतर खोचून उतरला, कारण त्याचं नाव जवळ आलं होतं. लोक उपटत होते, खडकावर नेत होते, दसरूनं सांगितलं तिथं देवधान लावत होते. आणि भिवरा गप्प झाली का? छे. "मुळं ठेवून नुसता शेंडा तोडला! त्याचे लाड करून रायला का?"

तिसऱ्या पावसाळ्यानंतर सारस आले. देवधानात पाय रोवून दोघांनी मान वर केली आणि अशी हाक दिली की घराघरांतली भांडी वाजली. भिवरा पाळीवर उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. लोकांना वाटलं तिला बरं नाही.

पुढं दसरू गेला. भिवरा पार म्हातारी झाली. तिला न्यायला यम आला तेव्हा ती पाण्यातच होती. "थांबा," ती म्हणाली, "त्या कोपऱ्यातली रायली आहे." यम म्हणाला, वेळ झाली. भिवरा म्हणाली, "मग उभे काऊन रायले? धरा ही टोपली." असं म्हणतात, की यमानं तो सगळा उन्हाळा कवलीटोल्यात चिखल वाहिला, त्याच्या रेड्यानं उरलेली मुळं तुडवली, आणि त्या उन्हाळ्यात आसपासच्या कुठल्याही गावात कुणी मेलं नाही. काम संपल्यावर भिवरानं हातपाय धुतले, रेड्याला जरा शिव्या दिल्या आणि निघाली.

बेशरम अजून संपलेली नाही. वरच्या ओढ्यातून, कुणी टाकलेल्या काडीतून, कुठून तरी येतेच. म्हणून दरवर्षी वैशाखात पाणी उतरलं की कवलीटोल्याचं अख्खं गाव तलावात उतरतं. त्याला तिथं 'भिवराबाईचा दिवस' म्हणतात. नारळ नाही, उदबत्ती नाही. नियम एकच, मुक्यानं उपटायचं नाही. पहिली शिवी गावातल्या सगळ्यात अबोल माणसानं द्यायची असते.

मागच्या खेपेला तो मान नुकत्याच लग्न होऊन आलेल्या एका पोरीला मिळाला. बिचारी पदर तोंडात धरून गुडघाभर पाण्यात उभी. सगळं गाव वाट बघतंय. सासरा म्हणाला, "घाल ना बाई, लाजू नको." तिनं बुंधा धरला, डोळे मिटले आणि अगदी हळू म्हणाली, "मेली कुठली."

मूळ सुटलं नाही.

"जोरात!" पाळीवरून बाया ओरडल्या.

तिनं एकदा सासऱ्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि मग तिचा जो आवाज फुटला, त्यानं वटवाघळं उडाली की नाही ते मला माहीत नाही, पण बुंधा मुळासकट तिच्या हातात होता, आणि ती काही केल्या थांबायला तयार नव्हती.