ठेंगीचं दार आणि तीन चाकांची जीप

एक होती उंदरी. एवढीश्शी! नाव तिचं ठेंगी.
ठेंगी गेली शेंगदाणा आणायला. लुटुलुटु गेली, लुटुलुटु आली. बघते तर काय? दारच हरवलं!
दारावर एक चाक. चाकावर एक जीप. म्हातारी, खडखडी, हिरवी जीप.
खालून आवाज आला, "आई! अंधार झाला गं! भूक लागली गं!"
तो होता बुटकू. ठेंगीचं बाळ.
"बाई गं!" ठेंगी दचकली. टुण्णकन उडाली.

"जीपआजी, जीपआजी, सरक ना! बाळ माझं निघेना!"
जीपआजी म्हणाली, "मी नाही सरकत जा! पुढचं डावं चाक बघ माझं. भिंतीला टेकून बसलंय. त्याचा बोल्ट मोडला. तीन चाकांवर चालू कशी? आधी बोल्टाला बसायला सांग."

ठेंगी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. डब्यात होता नवा बोल्ट. चकचकीत.
"बोल्टदादा, बोल्टदादा, बस ना! जीप सरकेना, बाळ माझं निघेना!"
बोल्ट म्हणाला, "मी नाही बसत जा! माझी जागा घट्ट आहे. हातोडीने ठोकल्याशिवाय आत शिरतोय कोण?"

लुटुलुटु, लुटुलुटु. कोपऱ्यात होती हातोडी. डोकं मोठं, पाय एक.
"हातोडीताई, हातोडीताई, ठोक ना! बोल्ट बसेना, जीप सरकेना, बाळ माझं निघेना!"
हातोडी म्हणाली, "मी नाही ठोकत जा! मला काय हात आहेत? गफूरचाचाला उठव."

लुटुलुटु, लुटुलुटु. गफूरचाचा म्हणजे गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री. टायरवर बसला होता. गाल फुगवून.
"चाचा, चाचा, ऊठ ना! हातोडी ठोकेना, बोल्ट बसेना, जीप सरकेना, बाळ माझं निघेना!"
चाचा म्हणाला, "मी नाही उठत जा! बोल्ट माझ्याच हातून मोडला. कडकन! आता चहा पोटात गेल्याशिवाय हात चालायचा नाही."

"आई, आलीस का?" बुटकू ओरडला.
"आले रे! आलेच!"

लुटुलुटु, लुटुलुटु. घरात होती जैनबचाची.
"चाची, चाची, चहा दे ना! चाचा उठेना, हातोडी ठोकेना, बोल्ट बसेना, जीप सरकेना, बाळ माझं निघेना!"
चाची म्हणाली, "मी नाही चहा देत जा! घरात दूध नाही. काळा चहा दिला की तुझा चाचा तोंड वाकडं करतो. असं! शेळीकडे जा."

लुटुलुटु, लुटुलुटु.
"म्यॅऽऽ!"
"बाई गं!" ठेंगी दचकली. टुण्णकन उडाली.
"शेळीमावशी, शेळीमावशी, दूध दे ना! चाची चहा देईना, चाचा उठेना, हातोडी ठोकेना, बोल्ट बसेना, जीप सरकेना, बाळ माझं निघेना!"
शेळी म्हणाली, "मी नाही दूध देत जा! पोटात पाला नाही, तर दूध कुठलं? शेवग्याला विचार."

लुटुलुटु, लुटुलुटु. अंगणात होता शेवगा. उंच उंच.
"शेवगेकाका, शेवगेकाका, पाला दे ना! शेळी दूध देईना, चाची चहा देईना, चाचा उठेना, हातोडी ठोकेना, बोल्ट बसेना, जीप सरकेना, बाळ माझं निघेना!"
शेवगा म्हणाला, "मी नाही पाला देत जा! माझ्या गळ्यात सुतळी. सुतळीला पाटी. 'पंक्चर काढून मिळेल'. वारा आला की पाटी पाठीत बसते. थाड थाड! आधी ती सुतळी सोड."
ठेंगी म्हणाली, "सोडता नाही येत मला."
"मग?"
"तोडता येते!"

सरसर सरसर वर चढली. कुरतुड कुरतुड, कुरतुड कुरतुड...
धडाम!
पाटी खाली. ठेंगी दचकली. पण उडाली नाही. फांदीला धरून बसली.

"हुश्श!" शेवगा हलला. पाला पडला. भुरभुर भुरभुर.
शेळीने पाला खाल्ला, कचरकचर. दूध दिलं, चुळुकचुळुक.
चाचीने चहा केला. चाचा चहा प्यायला. फुर्रर्र!
चाचा उठला. हातोडी ठोकू लागली. ठक ठक ठक. बोल्ट बसला.
चाचाने चाक चढवलं. नट लावला. पाना घेतला. फिरवला.
नट बसेना.
चाचाने जोर लावला. कुर्रर्र...
"अरे गफूर! थांब, गधड्या!" जीपआजी ओरडली. "डावं चाक आहे हे! माझ्या डाव्या चाकाचे नट उलटे फिरतात. मघाशी असाच सुलटा फिरवून मोडलास ना बोल्ट?"
"तोबा तोबा!" चाचाने कान पकडले. "सगळ्या गाड्या सुलट्या, तूच एक उलटी!"
नट उलटा फिरवला. करकर करकर. बसला घट्ट!
चाचा जीपमध्ये चढला. किल्ली फिरवली. किल्ली मात्र सुलटी.
भुर्र... खक् खक्... भुर्रर्र!
जीपआजी सरकली.

दार सापडलं!
दारातून आधी आलं एक नाक. मग दोन कान. मग अख्खा बुटकू.
"बुटक्या! माझ्या सोन्या! घाबरलास का रे?"
"नाही! वर ठक ठक झालं. करकर झालं. भुर्रर्र झालं. मज्जा आली!" बुटकू म्हणाला. "आई, उद्या परत दार हरव ना!"
"बाई गं!"
ठेंगी अशी दचकली, अशी दचकली, टुण्णकन उडाली आणि थेट घरात जाऊन पडली.